मॉडरेटरलाही नियम हवेत

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ एका चुकीपासून सुरू करते, आणि ती चूक माझीच आहे.

मी बरीच वर्षं एका चॅटरूमची मॉडरेटर होते, म्हणजे तिथले नियम पाळले जातात की नाही हे बघणारी. छंदाची रूम, माणसं भली, बहुतेक जण एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखणारे. एका रात्री एका सदस्याशी माझा वाद झाला. विषय अगदी क्षुल्लक होता. तो माझं म्हणणं खोडत गेला, मी चिडत गेले, आणि चौथ्या-पाचव्या मेसेजला मी त्याला बॅन करून टाकलं. कारण लिहिलं, 'उद्धट वर्तन'. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने तेच संभाषण परत वाचलं, तर त्यातलं सगळ्यात उद्धट वाक्य माझं होतं.

आमच्या रूमला अकरा नियम होते. अकराही सदस्यांसाठी. मी जे केलं ते करू नये, असं सांगणारा एकही नियम त्यात नव्हता. म्हणून आज चॅटरूममधल्या वागण्याबद्दल बोलताना मी क्रम उलटा ठेवणार आहे. आधी मॉडरेटर, मग सदस्य.

मॉडरेटरच्या हातातली ही बटणं आजची नाहीत. १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही चॅटची व्यवस्था तयार केली. तिथे चॅनल, म्हणजे रूम, चालवणाऱ्याला 'ऑपरेटर' म्हणत आणि त्याच्या नावापुढे ॲटचं चिन्ह दिसे. कुणाला बाहेर काढायचं, कुणाला परत येऊ द्यायचं नाही, कुणाला बोलू द्यायचं, हे सगळं त्याच्या हातात. आज आपण किक, बॅन, म्यूट म्हणतो ते तिथूनच आलेलं आहे. पण अधिकार कधी वापरायचा, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. ते माणसांना ठरवावं लागलं. आयआरसीच्या काही नेटवर्कांवर एक पद्धत रुजली, ती मला फार आवडते. ऑपरेटरने ते चिन्ह कायम मिरवायचं नाही. एरवी साध्या सदस्यासारखं बोलायचं, गरज पडली की चिन्ह लावायचं, काम झालं की उतरवून ठेवायचं.

आता एक घटना सांगते. मॉडरेटरचं काम किती अवघड असतं, हे तिच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लॅम्डामू नावाचं एक ऑनलाइन जग होतं. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जमून गप्पा मारायची. ते पावेल कर्टिस यांनी सुरू केलं होतं आणि ते चालवणाऱ्यांना तिथे 'विझार्ड' म्हणत. १९९२च्या अखेरीस या विझार्डांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू, सदस्यांच्या आपसातल्या भांडणांत पडणार नाही. काही महिन्यांतच, १९९३मध्ये, एका सदस्याने एक प्रोग्राम वापरून सगळ्यांसमोर इतरांच्या पात्रांच्या नावाने अश्लील आणि हिंसक कृत्यांचं वर्णन करायला सुरुवात केली. ज्यांची पात्रं होती ती माणसं हादरून गेली. मग सदस्यांची सभा भरली. तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय मात्र झाला नाही. शेवटी एका विझार्डने एकट्यानेच त्या माणसाचं खातं काढून टाकलं.

ते खातं गेलं याचं मला दुःख नाही. पण सभेत एकमत झालेलं नसताना एकाच माणसाने पडद्यामागे निकाल लावला, हा प्रश्न मागे राहिलाच. पुढे कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची व्यवस्था आणली. १९९६ साली विझार्डांनी तीही पुरेशी नसल्याचं मान्य केलं आणि सामाजिक निर्णय पुन्हा घ्यायला सुरुवात केली. 'आम्ही यात पडत नाही' असं म्हणणारा मॉडरेटरही बाजू घेतच असतो, फक्त ती जास्त आक्रमक माणसाची असते.

म्हणून आता मॉडरेटरचे नियम. माझ्या मते पहिला हा: स्वतःच्या भांडणात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही. तुम्ही वादात एक मेसेज जरी टाकला असेल, तर त्या वादापुरते तुम्ही मॉडरेटर नाही. दुसऱ्या मॉडरेटरला बोलवा. दुसरा कुणी नसेल तर थांबा, नाहीतर स्लो मोड लावा, म्हणजे प्रत्येकाला दोन मेसेजच्या मध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर हा वेळ पाच सेकंदांपासून सहा तासांपर्यंत ठेवता येतो. तापलेल्या भांडणात तीस सेकंदही पुष्कळ होतात, कारण लिहिलेलं वाक्य पाठवण्याआधी तेवढ्या वेळात एकदा वाचून होतं. मी त्या रात्री स्लो मोड लावला असता, तर तो सगळ्यात आधी माझ्याच उपयोगाला आला असता.

दुसरा नियम: कारवाई केली की कारण सांगायचं. 'उद्धट वर्तन' हे कारण नव्हे, तो माझा शेरा होता. कारण म्हणजे कोणता मेसेज, कोणता नियम, किती दिवसांसाठी, आणि मान्य नसेल तर दाद कुणाकडे मागायची. ही फक्त सभ्यतेची गोष्ट नाही. २०१९ साली शगुन झावर, एमी ब्रुकमन आणि एरिक गिल्बर्ट यांनी रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या कोट्यवधी पोस्टचा अभ्यास केला. ज्यांना पोस्ट काढल्याचं कारण सांगितलं गेलं, त्यांच्या पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता कमी झालेली दिसली. आणि दाद ऐकणारा मॉडरेटर दुसरा असावा. ज्याने बॅन केलं त्याच्याकडेच अपील करायला लावणं म्हणजे दार लावून घेणं.

समज देताना आधी खाजगीत द्या. चारचौघांत कानउघाडणी केली की माणूस चूक दुरुस्त करण्याऐवजी अब्रू सांभाळायला लागतो, आणि त्याचे मित्र त्याच्या मदतीला धावतात.

आधी समज, मग म्यूट, मग बॅन, ही पायरी-पायरीची पद्धत बहुतेक प्रसंगांना पुरते. पण काही गोष्टींना पायऱ्या नसतात. कुणी कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर टाकला, जिवे मारण्याची धमकी दिली, लहान मुलांशी लैंगिक बोलणं काढलं, तर ताबडतोब नोंद ठेवा, मेसेज काढा आणि त्या माणसाला बाहेर करा. लहान मुलांचं अश्लील चित्र असेल तर मात्र त्याची प्रत स्वतःकडे अजिबात ठेवायची नाही. थेट प्लॅटफॉर्मला आणि पोलिसांना कळवायचं. आणि कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं, तर त्याला हाकलू नका. त्याच्याशी बोलायला एक माणूस तिथे थांबू द्या आणि तो जिथे असेल तिथली मदत त्याच्यापर्यंत पोचवा.

आता सदस्य. इथे मी सगळं सांगत बसणार नाही, बरंचसं तुम्हाला माहीत आहे. 'कुणी आहे का?' असं विचारून वाट बघण्यापेक्षा थेट प्रश्न विचारा. एक वाक्य सहा मेसेजमध्ये तोडू नका. सगळ्यांना एकदम टॅग करू नका. कुणाला खाजगीत मेसेज करायचा असेल तर आधी रूममध्ये विचारा. रूममधलं बोलणं स्क्रीनशॉट काढून बाहेर फिरवू नका.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्यात असं होतं की इंग्रजीत सगळी अक्षरं मोठी, म्हणजे कॅपिटल, लिहिली तर ओरडल्यासारखं वाटतं. आपल्या देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत. मग मराठीत ओरडणं दिसतं कुठे? माझ्या अनुभवात भांडण एकेरीवर आलं की. 'तुम्ही म्हणालात' याचं 'तू म्हणालास' होतं, ते एका मेसेजमध्ये होतं, आणि तिथून पुढे मुद्दा संपलेला असतो. शिव्या ओळखणाऱ्या यंत्राला हे कळत नाही, कारण वाक्यात शिवी नसते. मराठी वाचणाऱ्या मॉडरेटरला कळतं. मी तेवढ्यावरही लक्ष घालायचे.

आणि हे एखाद्या वाईट माणसाचंच काम असतं असं नाही. २०१७ साली जस्टिन चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काहींना आधी सोपी चाचणी दिली, काहींना अवघड, मग सगळ्यांना एका ऑनलाइन चर्चेत लिहायला सांगितलं. मूड चांगला आणि आधीचे मेसेज स्वच्छ होते, तेव्हा ३५ टक्के जणांनी खोडसाळ काहीतरी लिहिलं. मूड बिघडलेला आणि आधीचे मेसेजही खोडसाळ होते, तेव्हा ६८ टक्के जणांनी. म्हणजे पहिला घाण मेसेज तिथे तसाच राहिला, तर पुढच्या माणसाचं वागणंही बिघडू शकतं. सदस्य म्हणून तुम्ही त्याला उत्तर देऊ नका, रिपोर्ट करा. उत्तर दिलं की तो मेसेज चर्चेत राहतो.

नियम लिहून ठेवले तर नवी माणसं बिचकतील, असं मला पुष्कळ जण म्हणतात. नेथन मॅटायस यांनी विज्ञानाच्या एका मोठ्या ऑनलाइन समूहात २,१९० चर्चांवर हे तपासलं. काही चर्चांत नियम सगळ्यात वर ठळक लावले, काहींत नाही. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे नियम समोर होते तिथे नवे लोक नियम जास्त पाळत होते, शिवाय नव्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढलेला होता. मला हे पटतं. अनोळखी घरात चप्पल कुठे काढायची हे कळलं की माणूस मोकळेपणाने आत येतो.

त्या सदस्याचा बॅन मी दुसऱ्याच दिवशी काढला आणि माफी मागितली, रूममध्ये सगळ्यांसमोर, कारण बॅनही सगळ्यांसमोर केला होता. तो परत आला नाही. त्यानंतर आम्ही आमच्या अकरा नियमांच्या वर एक नियम लिहिला, आणि मॉडरेटरने पाठवायचा मेसेजही ठरवला. तो तसाच वाचून दाखवते. हवा असेल तर घ्या.

(स्क्रीनवर मेसेज दिसतो.)

'तुमचा अमुक वाजताचा मेसेज आम्ही काढला आहे. तो नियम क्रमांक चारच्या विरुद्ध होता. तुम्हाला तीन दिवस इथे लिहिता येणार नाही, वाचता येईल. हा निर्णय मी घेतला आहे. तुम्हाला तो चुकीचा वाटत असेल तर मला नाही, दुसऱ्या मॉडरेटरला लिहा. त्यांचं नाव खाली दिलं आहे. मी त्यांच्याशी याबद्दल अजून बोललेले नाही.'