खटखट कधी होते, ते आधी सांगा

मंडळी, गाडीचा आवाज घेऊन येणारा मालक बहुतेक वेळा एवढंच सांगतो, ‘पुढून काहीतरी वाजतंय.’ आणि आपण बहुतेक वेळा लगेच जॅक लावतो. माझा अनुभव असा की अधूनमधून येणारी खटखट जॅक लावला की लपून बसते. अंगावर वजन असलं तरच ती बोलते. म्हणून आज जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं चाकं जमिनीवर असतानाचं आहे.

हा आवाज सतत का येत नाही, ते आधी बघू. सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या झुलत्या जोडणीत, वाटीत बॉल बसवलेले सांधे असतात. असा सांधा सैल झाला तरी ताण एकाच बाजूने असेपर्यंत तो गप्प असतो. बॉल वाटीच्या एका कडेला दाबून बसलेला असतो, वाजणार कसा? ताणाची दिशा उलटली की तो पलीकडच्या कडेवर आपटतो. टक. म्हणून नुसती सैल जागा शोधून भागत नाही; ताण कुठे आणि केव्हा उलटतो, तेही पाहावं लागतं.

लिंक रॉडवर जरा थांबतो, कारण पुढच्या टकटकीत तो फार वेळा सापडतो. स्टॅबिलायझर बार हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, आणि त्याचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी सळी म्हणजे लिंक रॉड. एक चाक वर गेलं आणि दुसरं जागेवर राहिलं की त्याला पीळ पडतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो आपल्या बुशांमध्ये (रबरी बैठकांमध्ये) नुसता फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही. आता रस्त्यावर काय होईल? गतिरोधक सरळ, दोन्ही चाकांनी एकदम ओलांडला तर आवाज नाही. तोच तिरका ओलांडला, किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं, की टक. वेगात लांब वळण घेताना बार एका दिशेने पिळलेला असतो, तेव्हाही शांतता. ताशी पंधरा-वीसच्या वेगात खडबडीत रस्त्यावर मात्र ताण क्षणाक्षणाला उलटतो, आणि टकटक ऐकू येते. मालक म्हणतो, ‘जोरात चालवली की येत नाही, हळू चालवली की येतो.’ ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं, पण निम्मं निदान त्या एका वाक्यात झालेलं असतं.

आता हीच गाडी एका बाजूने जॅकवर घ्या. ते चाक लोंबतं, दुसरं जमिनीवर राहतं, बारला पीळ पडतो आणि लिंक ताणून धरली जाते. हलवून पाहिली तर घट्ट! ‘लिंक ओके’ असा शेरा मारून आपण शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे वळतो. मी स्वतः माझ्याच गाडीवर हे केलंय. पुढचे दोन्ही शॉक बदलले, ट्रायल मारली, आणि त्याच वळणापाशी तीच टकटक. जुने शॉक काढून ठेवले होते, त्यांना तेलाचा ओघळसुद्धा नव्हता, म्हणजे खराब झाल्याची ती खूणच नव्हती. तो आधी बघायला हवा होता.

शेवटी ती सापडली बोटाला. गाडी चारही चाकांवर रॅम्पवर, हँडब्रेक ओढलेला, चाकं सरकू नयेत म्हणून ओट लावलेली. मी खाली, आणि मदतनीस वरून गाडी हळूहळू डोलवतोय. लिंकच्या सांध्याभोवती अंगठा आणि तर्जनी अशी धरली, की एक बोट बॉलच्या घरावर आणि एक शेजारच्या ब्रॅकेटवर. गाडी डोलली की दोन बोटांमध्ये बारीक ठोका लागायचा. डोळ्याला काही दिसत नव्हतं, रबरी टोपी अखंड होती. सैलपणा नखाच्या जाडीएवढासुद्धा नसेल. धातूतून आवाज कुठल्या कुठे प्रवास करतो, त्यामुळे कानावर फार विसंबू नका. ठोका मात्र बोटाला उगमापाशीच लागतो. अजूनही खात्री नसेल तर दोन्ही लिंक काढा आणि मोकळ्या जागेत अगदी हळू फिरवून बघा. गाडी जास्त झुकेल, पण आवाज गेला तर विषय संपला.

बाकीच्या परीक्षा झटपट सांगतो. खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर आधी ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना आणि पॅड बघा, सस्पेन्शन नंतर. गाडी उभी करून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या उभ्या खांबाच्या) माथ्यावर हात ठेवा; तिथे झटका लागला तर त्याची वरची बैठक, म्हणजे माउंटिंग, किंवा तिचं बेअरिंग. सकाळी थंडीत वाजते आणि नंतर शांत होते, तर रबराच्या बुशवर संशय घ्या, कारण गारठ्यात रबर कडक होतं. आणि हो, या सगळ्याच्या आधी डिकी रिकामी करा. जॅकचा दांडा कोपऱ्यात सैल पडलेला असतो आणि आपण मागचा शॉक खोलून बसतो. हसू नका, प्रत्येकाच्या हातून एकदा होतंच.

जॅक अजिबात लावायचाच नाही, असंही नाही. चाक लोंबतं ठेवून, गाडी स्टँडवर टेकवून, वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर कुणाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बहुधा व्हील बेअरिंग, राहिला तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटकडे बघा. डावीकडे-उजवीकडे हलवून प्ले लागला तर टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक. लोअर आर्मच्या बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून बघा, रबर फाटलंय का. नवा बुश बसवलात तर त्याचा बोल्ट चाक लोंबत असताना पूर्ण आवळू नका. नेहमीच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही धातूच्या नळ्यांना चिकटलेलं असतं; लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने).

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘असा आवाज असताना गाडी चालवावी का?’ लिंक रॉड असेल तर जपून चालवत गॅरेजपर्यंत न्या. बॉल जॉइंटला प्ले असेल तर नाही. तो निसटला की लोअर आर्म चाकापासून सुटतो, चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. ती गाडी टोइंगवर चढवा.