आधी मोजणी, मग नकाशा

(सांगलीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापला आहे, 'घरबांधणीची परवानगी : अर्जापासून भोगवट्यापर्यंत'. त्यातली एकही पायरी सोडणार नाही. पण अर्जाच्या आधीची एक पायरी पत्रिकेत नाही आणि माझा जीव तिच्यातच अडकलेला आहे. ती म्हणजे मोजणी.

एक विचारतो. ज्यांच्या नावावर प्लॉट आहे त्यांनी हात वर करा. छान, निम्मं सभागृह आहे. आता ज्यांच्याकडे त्या प्लॉटचा मोजणी नकाशा, म्हणजे 'क' प्रत आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, एका क्षणात किती हात खाली आले! तुम्ही हसताय, पण बाहेरही हेच चित्र आहे. आपण खरेदीखत लॉकरमध्ये ठेवतो, सातबारा मोबाइलवर ठेवतो, वास्तुशांतीचा मुहूर्त काढून ठेवतो. जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत आपली आहे, हे मात्र कुंपणाला विचारतो. आणि कुंपण कुणी घातलं? आधीच्या मालकाने, दोरी धरून, एका रविवारी.

याच गोष्टीवर अडलेलं एक घर सांगतो. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. तालुक्याचं ठिकाण. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि गुरुजींच्या आई. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचे. आजींचे गुडघे गेलेले, जिना उतरवताना दोघांना दोन बाजूंनी धरावं लागे. गुरुजींनी नोकरीत असताना दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा आधी आजींची खोली काढायची आणि मग बाकीचं घर, असं त्यांनी ठरवलं. तळमजल्यावर खोली, तिला लागून न्हाणीघर, दाराला उंबरा नाही. नकाशा उत्तम निघाला होता. बँकेचं कर्जही मंजूर होतं. परवानगीच्या फाइलला मोजणी नकाशा हवा म्हणून शेवटी मोजणी मागवली. मी या प्रकरणात आलो तो त्यानंतर.

भूकरमापक आले, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, खुणा झाल्या. आणि दिसलं की पूर्वेकडच्या शेजाऱ्याची भिंत गुरुजींच्या हद्दीत दोन फूट आत आहे. दोन फूट म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण भिंतीची लांबी साठ फूट. एकशेवीस चौरस फूट जमीन भिंतीपलीकडे गेली.

आता नियम काय म्हणतो ते नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानाचा कणा तोच आहे. बांधकाम नकाशावर क्षेत्रफळाचा तक्ता असतो. त्यात तीन आकडे मागतात : मालकीच्या कागदाप्रमाणे क्षेत्र, मोजणी नकाशाप्रमाणे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागेवरचं क्षेत्र. या तिन्हींपैकी जो सगळ्यात कमी, तोच धरायचा. सातबाऱ्यावर दोन गुंठे, म्हणजे 202 चौरस मीटर असले तरी जागेवर 191 भरले, तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 191 वर. मूळ एफएसआय 1.1 धरला तरी साधारण 130 चौरस फूट बांधकाम गेलं. शिवाय सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा, मोजायची ती ताब्यातल्या जागेच्या कडेपासून, म्हणजे अख्खं घर दोन फुटांनी आत सरकतं. गुरुजींच्या घरातून नेमकी कुठली खोली गेली असेल ते मी सांगायला नको.

शेजारी माणूस वाईट नव्हता. भिंत त्याच्या आधीच्या मालकाने बांधलेली. त्याने ती पैसे मोजून तशीच विकत घेतली होती. त्याला मोजणी पटली नाही, म्हणून त्याने निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागितली, तो त्याचा हक्कच आहे. निमताना मोजणीतही तेच निघालं. मग मध्यस्थ बसले, भिंतीचा खर्च कुणी करायचा यावर बोलणी झाली, दोन्ही घरांतलं हळदीकुंकू बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. तोवर दोन पावसाळे गेले. सिमेंट, लोखंड महागलं, कर्जाच्या मंजुरीची मुदत संपली. आजी तोच जिना चढत-उतरत राहिल्या. अखेर भिंत हलली, नकाशा होता तसा मंजूर झाला आणि आजी त्या खोलीत राहायला गेल्या. हीच मोजणी प्लॉट घेताना झाली असती तर? भिंत तेव्हाही तिथेच होती. पण हातात पैसे होते, घाई नव्हती आणि विकणारा समोर बसलेला होता. माझी तक्रार एवढीच आहे मंडळी, की आपण मोजणीला फाइलचा शेवटचा कागद मानतो. ती खरेदीचा पहिला कागद असायला हवी.

जाता जाता सांगतो, या बाबतीत आपला मुलूख काही मागासलेला नाही. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी जमाबंदीची, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत बसवली, तिच्यावर आपली सगळी सर्व्हे नंबरांची व्यवस्था उभी आहे. शंकू-साखळीने मोजलेली शेतं, मग प्लेन टेबल, आता उपग्रहाशी जोडलेले रोव्हर. साधनं बदलली, पण नोंद टिकली. एवढा वारसा दाराशी असताना आपण दोरीवर विश्वास ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आपल्या सांगलीत तर दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली गुंठेवारी. रेखांकन, म्हणजे प्लॉट पाडण्याचा आराखडा, मंजूर करून न घेता तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवर इथे हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आला. 2021 च्या सुधारणेने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. ज्यांचं नियमितीकरण राहिलं आहे, त्यांनी आधी ते मार्गी लावावं, नवा मजला नंतर. दुसरी गोष्ट पूररेषा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट असताना. या सभागृहात तो पूर प्रत्येकाने पाहिला आहे. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची लाल. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण अटींवर आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलून. तेव्हा प्लॉट बघायला जाल तर मोजणीबरोबर झोन दाखला, म्हणजे ती जमीन कशासाठी राखलेली आहे त्याचा दाखला, आणि पूररेषेचा नकाशाही बघा. नदीकाठचा प्लॉट स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर त्या नकाशात असतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भराभर.

अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली होतो. नियम बघायचे ते डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीचे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळ्या राज्याला हीच नियमावली आहे. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत, ऑनलाइन. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, मंजूर रेखांकन, कराची पावती. तपासणी झाली की शुल्काचं चलन येतं. त्यात विकास शुल्क असतं. बांधकामाचा खर्च ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर एक टक्का कामगार उपकरही येतो. तो टक्का बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी जातो, तेव्हा तो भरताना कुरकुर करू नका.

150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगी लागत नाही, असं सगळीकडे बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. नकाशे आणि कागद दाखल करून शुल्क भरायचं असतं, आणि ती पोच हीच परवानगी. सामासिक अंतर, उंची, एफएसआय यातला एकही नियम माफ होत नाही. शेजारची भिंत आत आली असेल तर छोट्या प्लॉटलाच ती जास्त बोचते. 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण प्रस्ताव नियमांत चोख बसत असेल तरच. त्या भरवशावर खोदाई सुरू करण्याआधी आपल्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, हातात आलं की एका वर्षात काम सुरू करा, नाहीतर मुदतवाढ मागा. जोत्यापर्यंत काम आलं की थांबा, कळवा आणि जोते तपासणी करून घ्या. भिंती चढल्यावर चूक सापडली तर ती फोडावी लागते. जोत्यावर सापडली तर फक्त सरकवावी लागते. आणि काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला वापरण्याची परवानगी. बहुतेक जण इथेच फाइल सोडतात. रंग झाला, पूजा झाली, राहायला गेले. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की वीज, पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज हे प्रमाणपत्र पाहूनच द्यावं. महापालिका हद्दीत बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्तीची तरतूद आहे. मुलं उद्या हे घर विकायला किंवा तारण ठेवायला गेली तर त्यांच्याकडे आधी हाच कागद मागतील.

वेळ संपली. मी इथे आणखी तासभर बसणार आहे. ज्यांनी सातबारा आणि खरेदीखत सोबत आणलं आहे त्यांनी पुढे या, मोजणीचा अर्ज आपण आत्ताच भरून घेऊ. चतुःसीमेच्या रकान्यापासून सुरुवात करू, लगतच्या खातेदारांची नावं आठवून ठेवा.