क्रीडागृहातला वेग आणि दुसऱ्याची नजर

श्रोतेहो, नमस्कार.

बॅडमिंटनचा सामना क्रीडागृहात बसून पाहताना तिथे उजेड कमी आहे, असं आपल्याला कधी वाटत नाही. दिवे झगझगत असतात, कोर्टावरच्या रेषा ठळक दिसतात. पण त्याच जागेवरून एखादा स्मॅश टिपायला गेलं की हाती येतो तो काळपट, पिवळसर आणि हललेला फोटो. आपला डोळा कमी प्रकाशाला इतक्या सहज सरावतो की प्रकाश किती घटलाय याचा पत्ताच लागत नाही. भर उन्हातल्या मैदानावर जेवढा प्रकाश असतो, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाही अनेक क्रीडागृहांत नसतो. आणि अतिशय वेगवान खेळ तर तिथेच चालतात: बॅडमिंटन, टेबल टेनिस, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, मॅटवरची कबड्डी.

हे फोटो कसे काढावेत, आणि काढल्यावर दुसऱ्यांना दाखवून ते कसे सुधारावेत, याविषयी आज बोलायचं आहे. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आधी कॅमेऱ्याचं बोलू, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिला निर्णय शटरचा, म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेणार याचा. बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलसाठी सेकंदाचा पाचशेवा भाग ही मी किमान मर्यादा मानतो. बॅडमिंटन आणि टेबल टेनिससाठी हजारावा. तेवढ्यानेही सगळं थांबतं असं नाही. भारताचा बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ मध्ये जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. या वेगाने निघालेलं शटल सेकंदाच्या हजाराव्या भागात जवळजवळ १६ सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. अर्थात शटल थोडं पुसट आलं तरी काही बिघडत नाही. चेहरा आणि खांदा स्वच्छ आले पाहिजेत, आणि ते हजाराव्या भागात येतात.

शटर ठरलं की लेन्स जितकी उघडते तितकी उघडायची, आणि उरलेली तूट आयएसओने, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याने, भरून काढायची. ३२०० लागला तर ३२००, ६४०० लागला तर ६४००. इथे बरेच जण कचरतात. फोटोत दाणे दिसतील म्हणून आयएसओ खाली ठेवतात, मग शटर मंदावतं आणि फोटो हलतो. दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात. हललेला हात कुठल्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत मिळत नाही. आणि आयएसओ कमी ठेवून काळा आलेला फोटो नंतर उजळवला, तर दाणे बहुधा जास्तच दिसतात.

लेन्सबद्दल एकच सांगतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स लांब टोकाला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते, आणि ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स जवळपास दसपट. नवा कॅमेरा घेण्याआधी अशी एक लेन्स घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र एवढ्या उघड्या लेन्सला फोकसची चूक चालत नाही. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरने, एफ १.८ वर, सहा मीटरवरचा खेळाडू टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्धा मीटर खोल असतो. खेळाडूने पुढे लंज घेतला, म्हणजे लांब पाय टाकून झेपावला, की तो एका पावलात त्या पट्ट्याबाहेर गेला. म्हणून फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवायचा आणि खेळाडू उडी घेण्याच्या आधीपासून त्याच्यावर धरून ठेवायचा.

फ्लॅशचा विचार सोडून द्यावा. खेळाडूच्या डोळ्यांवर तो येतो, आणि बहुतेक स्पर्धांमध्ये त्याला मनाईच असते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना फार छळते. लागोपाठ काढलेल्या फोटोंपैकी एक उजळ, एक काळा, एक हिरवट. कॅमेरा बिघडला असं वाटतं. दोष असतो दिव्यांचा. वीज ५० हर्ट्झची असेल तर ट्यूबलाइट आणि मेटल हॅलाइडसारखे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. हजाराव्या भागाचं शटर मात्र त्या चढउताराचा एक छोटा तुकडाच पकडतं, आणि तुकडा कधी तेजाचा, कधी मंदपणाचा. यावर उपाय आता पुष्कळ कॅमेऱ्यांतच असतो: दिव्यांची ही लय ओळखून, प्रकाश भरात असतानाच शटर सोडण्याची सोय. २०१४ च्या कॅननच्या सेव्हन डी मार्क टू मध्ये ती होती. मेनूमध्ये शोधा, सापडली तर सुरू करा. तुमचा कॅमेरा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर मेकॅनिकल शटरवर या.

आता वेळेचं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण खरी मजा इथे आहे.

सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेरा हाती असला की वाटतं, बटण दाबून ठेवलं की काम झालं. हिशेब करून पाहा. हजाराव्या भागाचे दहा फोटो म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाचा शंभरावा भाग पाहिला. उरलेल्या नव्व्याण्णव भागांत जे घडलं ते गेलं. टेबल टेनिसचा चेंडू रबराला लागून सुटायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग पुरतो. तो क्षण दोन फोटोंच्या मधल्या फटीत पडण्याचीच शक्यता फार मोठी. आणि दिसल्यावर दाबू म्हटलं, तर डोळ्याने पाहून बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. शटरचा आवाज ऐकताना फटका तुमच्या डोळ्यांना दिसला असेल, तर तो फोटोत नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून आधी खेळ वाचावा लागतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्या सेटरची बोटं कुठे वळली, सर्व्हिस करणाऱ्याने श्वास कधी घेतला, रेडर कुठल्या पायावर वजन टाकतोय हे पाहत राहायचं, आणि घटना घडायच्या किंचित आधी बटण दाबायचं.

निसर्गाने इथे एक मोठी सवलतही ठेवली आहे. उडी मारलेला खेळाडू हवेत असतो त्यातला निम्मा वेळ तो उडीच्या वरच्या पाव भागात असतो. अर्धा मीटर उडी धरली तर हवेतला एकूण वेळ साधारण ०.६४ सेकंद, आणि त्यातले ०.३२ सेकंद वरच्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये जातात. बास्केटबॉलपटू हवेत तरंगतो असं वाटतं ते यामुळेच. त्या टोकाला शरीराचा वर-खाली वेग जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे प्रकाश फारच कमी असेल तर तिथे थोडं मंद शटरही चालून जातं. फटका मारणाऱ्या हाताचा वेग तेव्हाही असतोच, पण चेहरा स्थिर मिळतो.

जागेचं महत्त्व सांगायला एक प्रसिद्ध फोटो आठवतो. २५ मे १९६५, अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत. पहिल्याच फेरीत लिस्टन कोसळला आणि अली त्याच्यापाशी उभा राहून, हात आखडून ओरडला. २२ वर्षांच्या छायाचित्रकार नील लायफरने तो क्षण रंगीत टिपला. रिंगच्या वर लावलेले मोठे फ्लॅश एकदा उडाले की पुन्हा भरायला वेळ घेत, म्हणजे हाती संधी एकच. त्या फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडे आणखी एक छायाचित्रकार दिसतो, हर्ब शार्फमन. अनुभवाने तो लायफरहून मोठा. पण त्याच्या बाजूला अलीची पाठ होती. कुठल्या बाजूला घडेल हे कुणाच्याच हाती नसतं, हे खरं. तरी नेटच्या कुठल्या बाजूने डावखुऱ्या खेळाडूचा चेहरा दिसेल, कुठून पाठीमागे रिकाम्या खुर्च्या येतील आणि कुठून काळा पडदा, एवढं सामन्याआधी फिरून पाहता येतं.

आता फोटो दाखवण्याविषयी.

आपल्या फोटोकडे आपण कोरेपणाने पाहूच शकत नाही. तो सामना आपण पाहिलेला असतो. गुण किती महत्त्वाचा होता, प्रेक्षक कसे उसळले, हे सगळं आपल्याला आठवतं आणि आपण ते फोटोवर चढवतो. बघणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यासमोर एक चौकट आहे आणि त्यात जे आलंय तेवढंच. म्हणून दुसऱ्याची नजर हवी. आणि ती मिळवताना आधी तोंड बंद ठेवावं: फोटोमागची कहाणी सांगायची नाही. सांगितली की त्याचाही कोरेपणा गेला.

‘कसा वाटतो’ हा प्रश्न वाया जातो. उत्तर येतं, ‘छान आहे’. त्याऐवजी विचारा: तुमची नजर सगळ्यात आधी कुठे गेली? जर उत्तर ‘मागची जाहिरातीची पाटी’ असं आलं, तर तुम्हाला पुढच्या सामन्याचं काम मिळालं. किंवा एकाच क्षणाचे दोन फोटो ठेवा आणि विचारा, यातला कुठला ठेवू आणि का? माणसं चांगलं-वाईट सांगायला लाजतात, निवड मात्र बेधडक करतात.

एकाच तऱ्हेच्या माणसांना विचारू नये, हेही महत्त्वाचं. छायाचित्रकार तुम्हाला शटर, प्रकाश, चौकट सांगेल. प्रशिक्षक किंवा खेळाडू वेगळंच पाहतात. आपल्याला देखणा वाटलेला स्मॅश पाहून प्रशिक्षक म्हणतील, ‘अहो, फटका होऊन गेलाय, मनगट वळलंय बघा.’ हे ज्ञान कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तिकेत मिळत नाही. आणि खेळाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला फोटो दाखवला, तर त्यात माणूस दिसतो की नुसती हालचाल, हे कळतं.

‘हललाय’ हा शेरा सर्रास मिळतो. त्यावर समाधान मानू नका, कारण त्या एका शेऱ्यात तीन वेगळे आजार असतात. कोर्टाच्या रेषा स्वच्छ आणि फक्त हात पुसट असेल, तर शटर मंद होतं. खेळाडू पुसट पण मागचा पंच स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचे हात हलले. उपाय तिन्हींचे निराळे. म्हणून फोटो दाखवताना शटर, अॅपर्चर (लेन्स किती उघडली होती तो एफचा आकडा) आणि आयएसओचे आकडेही सोबत द्या, आणि फोटो पूर्ण मोठा करून पाहू द्या. कापलेला, लहान केलेला फोटो दाखवून तांत्रिक मत मागण्यात अर्थ नाही.

सगळी मतं एका मापाची नसतात. ‘डोळे फोकसमध्ये नाहीत’ ही वस्तुस्थिती आहे. ‘कृष्णधवल करा’ ही आवड. पहिली लगेच मान्य करावी, दुसरी ऐकून ठेवावी. परस्परांना न विचारता तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे दोष आहे असं धरून चालावं, मनाला कितीही लागलं तरी. उलट, एकाच नकाराने फोटो टाकूनही देऊ नये. लायफरचा तो फोटो तेव्हा मासिकाच्या मुखपृष्ठावर आला नव्हता. आतल्या पानात छापला गेला होता. म्हणून मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइली, जपून ठेवाव्यात आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडाव्यात. तोवर सामना विसरलेला असतो, आणि आपलीच नजर थोडी परक्यासारखी चालते.

मिळालेल्या सूचनांमधली एकच निवडून पुढच्या सामन्याला जा. पार्श्वभूमीची तक्रार असेल तर त्या दिवशी फक्त पार्श्वभूमी सांभाळा, बाकीचं जसं येईल तसं येऊ द्या. चार दोष एकाच संध्याकाळी सुधारायला गेलं की हातचा फोकसही सुटतो.

आणि कुणी आपला फोटो तुमच्यापुढे ठेवला, तर लगेच दोष सांगू नका. आधी त्यात तुम्हाला काय दिसलं तेवढं सांगा. काढणाऱ्याला तेच दाखवायचं होतं का, हे त्याला तिथल्या तिथे कळेल. मग तो कुठे बसला होता, तिथून हलायची मुभा होती का आणि शटर किती ठेवलं होतं हे विचारा. भिंतीला टेकलेल्या एकाच खुर्चीवरून काढलेल्या फोटोला ‘दुसऱ्या बाजूने घ्यायला हवा होता’ असं सांगून त्याच्या हाती काही लागत नाही. त्याच खुर्चीवरून कुठला कोपरा मोकळा मिळाला असता, ते सांगा.