खैऱ्याची कुळकथा

(दृश्य : पावसाळ्यातील कागदी लिंबाची बाग. पानांचे जवळून चित्रण.)

पडद्यावर दिसणारी ही पाने अकोला जिल्ह्यातील कागदी लिंबाच्या बागेतील आहेत. पानांच्या दोन्ही बाजूंनी उठलेले, बोट फिरवले तर खरखरीत लागणारे आणि भोवती पिवळे कडे असलेले हे तपकिरी फोड विदर्भातील कोणताही लिंबू बागायतदार लांबूनच ओळखतो. या रोगाला तो खैऱ्या म्हणतो. कोवळ्या फांद्यांवर आणि फळांवरही तो येतो, आणि फांदीवरच्या जुन्या फोडांत त्याचा जीवाणू पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरून राहतो.

या जीवाणूचे नाव झांथोमोनास सिट्री. एक अकोल्याच्या बागेतला, एक अमेरिकेतील फ्लोरिडातला आणि एक ओमानमधला खैऱ्या शेजारी ठेवला, तर नुसत्या डोळ्यांना त्यांत फरक दिसणार नाही. मात्र त्या फोडांत राहणारे जीवाणू एकाच घराण्यातील असतीलच असे नाही, आणि कोणत्या घराण्याचा जीवाणू कोठे पोहोचला, कोणत्या झाडावर तो चालला आणि कोणत्या झाडापुढे थांबला, हे समजल्याखेरीज या रोगाचा इतिहासही कळत नाही आणि त्याचा बंदोबस्तही होत नाही.

(दृश्य : वाऱ्यासह पाऊस. पानावरून ओघळणारे थेंब. पानावरील पांढऱ्या नागमोडी रेषा.)

पाऊस फोडावर पडला की त्यातील असंख्य जीवाणू पाण्यात उतरतात आणि वाऱ्याने उडालेल्या तुषारांबरोबर शेजारच्या झाडावर जातात. नव्या पालवीची पर्णरंध्रे हे त्यांचे नेहमीचे प्रवेशद्वार असते. या चित्रात दिसणाऱ्या पांढऱ्या नागमोडी रेषा पाने पोखरणाऱ्या अळीने केलेल्या आहेत. अळी स्वतः खैऱ्या पसरवते असे नाही, परंतु तिने उघडा पाडलेला पानाचा आतला भाग जीवाणूला आयता मिळतो, आणि म्हणूनच अळीचा उपद्रव असलेल्या बागेत खैऱ्या अधिक भडकतो.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या बशीत पिवळ्या, चकचकीत वसाहती.)

रोगट पानाचा तुकडा धुऊन, निर्जंतुक पाण्यात चुरडून, ते पाणी आगर या जेलीसारख्या पोषक थरावर पसरले की काही दिवसांत या पिवळ्या, बुळबुळीत वसाहती उगवतात. 1915 साली अमेरिकेत क्लारा हॅसे यांनी याच मार्गाने हा रोग बुरशीमुळे होत नसून जीवाणूमुळे होतो हे सिद्ध केले. तोपर्यंत अनेकांनी दोष बुरशीला दिला होता.

जीवाणू पानात शिरल्यावर काय करतो, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. तो सुईसारख्या एका यंत्रणेतून आपली काही प्रथिने झाडाच्या पेशीत टोचतो. त्यांतील पीटीएचए नावाचे प्रथिन सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्याचे जनुक काढून टाकले तर खैऱ्याचा फोड उठतच नाही. या प्रथिनाच्या मध्यभागी 34 अमिनो आम्लांचा एकच तुकडा थोड्याथोड्या फरकाने साडेसतरा वेळा पुन्हापुन्हा येतो आणि त्यातील प्रत्येक तुकडा झाडाच्या डीएनएमधील एकेक अक्षर ओळखतो. अशा रीतीने हे प्रथिन झाडाच्या गुणसूत्रावर नेमक्या जागी जाऊन बसते आणि एलओबी-1 नावाचे झाडाचेच जनुक चालू करते. पेशी फुगतात, भराभर विभागतात, वरची त्वचा फाटते आणि जीवाणू पुन्हा पावसाच्या वाटेवर येतात. पानाला फाडणारी ही सारी वाढ झाडाच्या स्वतःच्या जनुकाने घडवलेली असते आणि जीवाणू केवळ ते जनुक चालू करतो, ही गोष्ट आम्हाला या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. आणखी एक बाब येथे नोंदवायला हवी. या प्रथिनाची जनुके बहुतांशी प्लास्मिड या लहान वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि पुनरावृत्तींची संख्या बदलून त्यांची नवनवी रूपे तयार होऊ शकतात.

(दृश्य : कागदी लिंबू, मोसंबी आणि ग्रेपफ्रूट यांची पाने शेजारी शेजारी.)

आशियाई खैऱ्याचे तीन रोगप्रकार शास्त्रज्ञ मानतात. पहिला ‘ए’. तो कागदी लिंबू, मोसंबी, ग्रेपफ्रूट अशा जवळजवळ सर्वच लिंबूवर्गीय झाडांवर चालतो आणि जगभर पसरलेला आहे. दुसरा ‘ए-तारांकित’. सौदी अरेबिया, ओमान, इराण आणि भारत येथील कागदी लिंबांवरून मिळालेल्या जीवाणूंच्या अभ्यासातून 1998 साली त्याचे वेगळेपण मांडले गेले. तिसरा ‘ए-डब्ल्यू’, जो फ्लोरिडाच्या पाम बीच परगण्यात कागदी लिंबाच्या जातीच्या झाडांवर सापडला. या तिसऱ्या प्रकाराजवळ झॉपएजी नावाचे एक जास्तीचे जनुक असते. ग्रेपफ्रूटचे झाड या जनुकाचे प्रथिन ओळखते, लागण झालेल्या पेशी स्वतःच मारून टाकते आणि रोग तेथेच अडतो. कागदी लिंबाला अशी ओळख पटत नाही. ए-तारांकित प्रकार मोजक्याच झाडांवर का चालतो, हे मात्र या एका जनुकाने उलगडत नाही, त्यामागे इतरही कारणे आहेत. दक्षिण अमेरिकेत अगदी असाच दिसणारा रोग घडवणारे ‘बी’ आणि ‘सी’ प्रकार तर वेगळ्याच उपजातीचे आहेत.

(दृश्य : जेलवरील डीएनएचे पट्टे. संगणकावर वंशवृक्ष.)

घराणी वेगळी करण्यासाठी जीवाणूच्या डीएनएमध्ये पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरमालिका उपयोगी पडतात. जपमाळेचे मणी मोजावेत तशा त्या मोजल्या जातात, आणि अशा अनेक जागांवरील आकड्यांची मांडणी ही त्या जीवाणूची ओळख ठरते. खैऱ्याच्या जीवाणूसाठी 31 जागांची अशी पद्धत 2014 साली मांडली गेली. अनेक देशांतून जमवलेल्या जीवाणूंना ती लावल्यावर आढळले की, जगभर पसरलेला खैऱ्या हा प्रामुख्याने एकाच वंशशाखेचा विस्तार आहे. याचा अर्थ, ज्या प्रदेशात हे जीवाणू मूळ धरून आहेत तेथील अनेक शाखांपैकी एकीनेच जग व्यापले, आणि बाकीच्या शाखा आपल्या आसपासच राहिल्या.

(दृश्य : वनस्पतिसंग्रहातील कागद. वाळलेली पाने. शाईने लिहिलेली चिठ्ठी.)

हे कागद नीट पाहावेत. 1933 साली फॉसेट आणि जेंकिन्स या दोन संशोधकांनी इंग्लंड व अमेरिकेतील वनस्पतिसंग्रह तपासले. लंडनजवळच्या क्यू उद्यानात, 1827 ते 1831 या काळात भारतात गोळा केलेल्या म्हाळुंगाच्या पानांवर त्यांना खैऱ्याचे डाग दिसले. वनस्पती गोळा करणाऱ्याला रोगाची कल्पनाही नसावी. त्याने पान दाबले, वाळवले आणि कागदावर चिकटवले, आणि पानाबरोबर जीवाणूही जपला गेला.

आज अशा पानातून डीएनए काढता येतो. तो तुटून अगदी आखूड झालेला असतो आणि तुकड्यांच्या टोकांशी विशिष्ट रासायनिक झीज दिसते. तो खरोखर जुना आहे, अलीकडे कोणाच्या हातून लागलेला नाही, याचा पुरावा ही झीजच देते. मॉरिशसमध्ये 1937 साली वाळवून ठेवलेल्या एका रोगट नमुन्यातून खैऱ्याच्या जीवाणूचा पूर्ण जनुकसंच 2021 साली वाचला गेला. पिकाच्या जीवाणूजन्य रोगाचा वनस्पतिसंग्रहातून वाचलेला तो पहिला जनुकसंच होय. त्याची आजच्या जीवाणूंशी तुलना केल्यावर संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला की, नैर्ऋत्य हिंदी महासागरातील बेटांवर हा जीवाणू आशियातून आला, आणि हे आगमन गुलामगिरी संपल्यानंतर झालेल्या मजुरांच्या स्थलांतराशी जोडलेले असावे.

(दृश्य : मॉरिशसमधील आप्रवासी घाट. उसाची शेते.)

1834 पासून करारावरील भारतीय मजूर ज्या बेटावर उतरले, तेच हे बेट. मुंबई इलाख्यातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे आहेत. कोणत्या गलबतातून कोणते रोप गेले हे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि जनुकसंचही गलबताचे नाव सांगत नाही. परंतु परमुलखात जाणारा माणूस लिंबाचे रोप किंवा फांदी बरोबर नेतो आणि त्याबरोबर न दिसणारा जीवाणूही जातो, ही शक्यता आता वाळलेल्या पानाच्या आधाराने बोलता येते. 2023 साली आणखी पुढचे पाऊल पडले. 13 ऐतिहासिक नमुन्यांचे जनुकसंच वाचून संशोधकांनी या जीवाणूचा उगम सुमारे 11,500 वर्षांपूर्वी दक्षिण आशियात आणि त्याच्या शाखांचा विस्तार तेराव्या शतकाच्या आरंभी झाल्याचा अंदाज दिला.

(दृश्य : रोपवाटिका. पिशव्यांतील लिंबाची रोपे, ट्रॅक्टरमध्ये भरली जाताना.)

खैऱ्याचे माहेर म्हणून दक्षिण आशियाकडे बोट दाखवले जात असताना, जिल्ह्याजिल्ह्यांतून रोगट पाने गोळा करणे, त्यांतील जीवाणू ठिकाण आणि तारखेसह गोठवून ठेवणे आणि पान वाळवून संग्रहात लावणे, हे काम येथे दरवर्षी, न चुकता व्हायला हवे. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, आणि पावसाळ्यात रोगट पानांना तोटा नाही. कोणतेही लिंबू खैऱ्याला सहनशील ठरवताना ते कोणत्या घराण्याच्या जीवाणूपुढे टिकले, हे नोंदवलेच पाहिजे. खैऱ्यावर केल्या जाणाऱ्या तांबेयुक्त औषधांच्या फवारणीबाबतही तेच लागू होते. अर्जेंटिनात आणि पुढे मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटावर तांब्याला दाद न देणारे जीवाणू सापडले, आणि तो गुण देणारी जनुके प्लास्मिडवर, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या जागी होती. अशी जनुके आपल्या बागांत आली आहेत का, हे फवारणी निष्फळ ठरण्याआधी तपासता येते. आणि सर्वांत पहिली तपासणी या चित्रातल्या ठिकाणी, म्हणजे रोप पिशवीतून बागेत जाण्यापूर्वी, व्हायला हवी.

(दृश्य : बाजार समितीतील लिंबांचे ढीग. डाग असलेली फळे वेगळी काढणारे हात.)

फ्लोरिडात रोगट झाडापासून 1,900 फुटांच्या आतील प्रत्येक लिंबूवर्गीय झाड तोडण्याचा नियम करण्यात आला, 1 कोटी 60 लाखांहून अधिक झाडे गेली, आणि 2004 व 2005 च्या चक्रीवादळांनी जीवाणू दूरवर पसरवल्यानंतर 2006 साली निर्मूलनाची ती मोहीम थांबवावी लागली. आपल्याकडे डाग पडलेले लिंबू खाण्यास अपायकारक नसले तरी ढिगातून बाजूला काढले जाते आणि कमी भावाने विकले जाते.