स्विचला आयपी मिळतो कसा

[रॅक. २४ पोर्टचा स्विच. समोरच्या पट्टीवर चिकटवलेला कागद, जवळून.]

नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या या स्विचवरच्या कागदावर हाताने लिहिलेला एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आहे. तो खोडून खाली दुसरा लिहिलाय. शेजारच्या लॅपटॉपवर दिसतंय, पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, दोन्हीकडून उत्तर नाही. तरीही स्विचचे दिवे लुकलुकतायत, कारण फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पाठवायला स्विचला स्वतःचा आयपी लागतच नाही. तो लागतो आपल्याला, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरूनच, आत शिरायला, लॉग गोळा करायला, मॉनिटरिंगला. म्हणून चुकीचा आयपी महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आयपी डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून, घेतला, तर त्याची नोंद एकाच ठिकाणी राहते आणि ती खरी असते. आपण आता तेच करतोय.

[कन्सोल पोर्टमध्ये जाणारी केबल.]

काम कन्सोलवरूनच, म्हणजे स्विचला थेट लावलेल्या केबलवरूनच, करायचं. एसएसएचने आत असताना आयपी बदलला की त्याच क्षणी सेशन तुटतं, आणि नवा आयपी कोणता ते सांगायला समोर स्क्रीन नसते. टर्मिनलमध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. हा सिस्कोचा कॅटॅलिस्ट आहे, त्याचे हे मूळ आकडे.

[टर्मिनल. एकेक ओळ टाइप होताना.]

मॅनेजमेंटचा, म्हणजे स्विच सांभाळण्यासाठीचा, व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) इथे १० आहे. आधी व्हीलॅन १० तयार करायचा आणि वरच्या स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर, तो जाऊ दिलाय ना, ते बघायचं. मग इंटरफेस व्हीलॅन १०, त्यात आयपी ॲड्रेस डीएचसीपी आणि नो शटडाउन. आयपी ॲड्रेस डीएचसीपी ही ओळ आली की त्या इंटरफेसवरचा हाताने दिलेला जुना आयपी जातो. जुनी डिफॉल्ट गेटवेची, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कच्या वाटेची, ओळ मात्र आपोआप जात नाही. ती नो लावून काढायची. राहिली तर स्विच आपल्या नेटवर्कमध्ये दिसतो आणि दुसऱ्या नेटवर्कमधून दिसत नाही, मग लोक उगाच फायरवॉल तपासत बसतात.

इंटरफेस डाउनच दिसतोय? व्हीलॅन १० मधला एकही पोर्ट चालू नसेल तर तो वर येत नाही. केबल लावल्यावरही थोडं थांबावं लागतं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणाऱ्या व्यवस्थेत, पोर्ट लिसनिंगमध्ये १५ सेकंद आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद काढतो. ते होईपर्यंत आयपीची विनंती बाहेर पडत नाही. या वेळात केबल काढून पुन्हा लावली की मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

[पॅकेट कॅप्चर. चार ओळी, एकाखाली एक.]

स्विच आणि सर्व्हर यांच्यातले हे चार संदेश नीट बघा. पहिला डिस्कव्हर. पाठवणाऱ्याचा आयपी ०.०.०.०, कारण अजून तो मिळालेलाच नाही. ज्याला पाठवलाय तो २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ऐकू येईल त्या सगळ्यांना, ब्रॉडकास्ट. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर (हा केबलचा पोर्ट नव्हे) ऐकतो, स्विच ६८ वर. दुसरा ऑफर, सर्व्हरने पुढे केलेला आयपी. तिसरा रिक्वेस्ट. तोही ब्रॉडकास्टच, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरने ऑफर दिली असेल तर ती नाकारली गेल्याचं त्यालाही कळतं. चौथा ॲक, म्हणजे होकार, आणि लीज, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मिळालेला आयपी, पक्की.

डिस्कव्हर एकामागून एक जातोय आणि ऑफर येतच नाही, असं दिसलं तर दोन ठिकाणं तपासा. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. व्हीलॅन १० च्या गेटवेवर हेल्पर ॲड्रेस, म्हणजे विनंती पुढे पोचवायला सर्व्हरचा पत्ता, द्यावा लागतो. आणि डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे खोट्या सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय, चालू असेल, तर सर्व्हरच्या दिशेचा पोर्ट ट्रस्टेड नसला की सर्व्हरचं उत्तर तिथेच टाकून दिलं जातं.

[सर्व्हरवरची लीजची यादी. एका नोंदीवर कर्सर थांबतो.]

आता रिझर्व्हेशन. स्विचला आयपी आपोआप मिळावा, पण दर वेळी तोच मिळावा, म्हणून हे हवंच. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. डब्यावरच्या स्टिकरचा मॅक, म्हणजे उपकरणाचा कारखान्यातून आलेला पत्ता, टाकून रिझर्व्हेशन केलं, तरी स्विच भलताच आयपी घेतो. यादीतली ही लांबलचक ओळख बघा, ००, ६३, ६९, ७३, ६३, ६एफ... पहिलं ०० सोडलं तर ही अक्षरं आहेत, सिस्को. पुढे मॅक आणि शेवटी इंटरफेसचं नाव. स्विच नुसता मॅक न पाठवता ही अख्खी ओळख क्लायंट आयडी म्हणून पाठवतो, आणि विंडोजचा सर्व्हर रिझर्व्हेशन जुळवताना तीच बघतो.

उपाय एका ओळीचा. आयपी ॲड्रेस डीएचसीपीच्या पुढे क्लायंट-आयडी व्हीलॅन १० जोडायचं, म्हणजे त्या इंटरफेसचा मॅक ओळख म्हणून जातो. तो मॅक शो इंटरफेस व्हीलॅन १० मधून घ्यायचा. स्टिकरवरचा मॅक त्याहून वेगळा असू शकतो.

[इंटरफेस शट, नो शट. यादीतली नोंद बदलते.]

कन्सोलवरून इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला. शो आयपी इंटरफेस ब्रीफमध्ये मेथडच्या रकान्यात डीएचसीपी, शेजारी राखून ठेवलेला आयपी, आणि पुढे दोनदा अप.

लीजची निम्मी मुदत संपली की स्विच स्वतःच नूतनीकरण मागतो, उत्तर आलं नाही तर ८७.५ टक्क्यांना मिळेल त्या सर्व्हरकडे. लीजची पूर्ण मुदत संपेपर्यंत सर्व्हर बंदच राहिला तर आयपी सुटतो, फ्रेम चालूच राहतात.

[कागद सोलून काढणारा हात.]

शेवटी कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग, म्हणजे चालू मांडणी कायमची जतन करायची. हे राहिलं तर वीज गेल्यावर जुनाच आयपी परत येतो.