मिशनचा चहा, डोंगरीची कोठडी

(दृश्य : पुणे, गुरुवार पेठ. पंचहौदच्या चर्चचा उंच मनोरा. खाली रिक्षांची गर्दी.)

१८९० च्या ऑक्टोबरात या मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. कार्यक्रम कुणाच्या लक्षात राहिला नाही, राहिला तो नंतरचा चहा. पुण्यातली बडी मंडळी जमली होती. रानडे होते, टिळकही होते. कुणी चहा प्यायलं, कुणी कप नुसता हातात धरला. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली. हा उद्योग गोपाळराव जोश्यांचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांचा. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं.

न्यायमूर्ती रानड्यांना समोरच्याची अडचण चटकन दिसायची, आणि एकदा दिसली की त्यांना ती मोडवत नसे. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे माधवराव वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर उभे राहिले. चहाच्या बाबतीतही तेच झालं. बहिष्काराने मेटाकुटीला आलेल्या मित्रांकडे पाहून त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

रानड्यांचा राग नाही येत. पुढे त्याच मुलीला, रमाबाईंना, त्यांनी हौसेने शिकवलं. पण एक खटकतं. वडिलांची बाजू त्यांना दिसली, कारण वडील समोर होते. त्यांच्या लग्नाने जिला धीर आला असता, अशी कुणी विधवा त्या घरात बाजू मांडायला नव्हती.

(दृश्य : खिळ्यांचा जुना छापखाना. शाईचे हात.)

आगरकरांना मात्र लोक हेकट म्हणत. दुसरी बाजू त्यांनी ऐकली नव्हती? छे! १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते, १०१ दिवस. रात्री दोघांचा वाद असा रंगायचा की पहारेकरी येऊन दटावायचे. हे आगरकरांनीच लिहून ठेवलंय. सामाजिक सुधारणांवरचं टिळकांचं म्हणणं त्यांना तोंडपाठ असणार. तरी १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे वर्तमानपत्र काढलं, आणि ब्रीद ठेवलं : ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार.’

हे ब्रीद नीट वाचा. बोलण्यात तडजोड नाही, करण्यात मात्र ‘साध्य’ हा शब्द आहे. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी मऊ झाली नाही. आणि घरात? पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या सोवळ्याओवळ्याच्या आड हा माणूस कधी आला नाही.

(दृश्य : ‘केसरी’चा जुना अंक. कॅमेरा हळूहळू मजकुराजवळ.)

१७ जून १८९५. दम्याने जर्जर झालेले आगरकर गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. त्यांच्यावरचा मृत्युलेख त्याच ‘केसरी’त टिळकांनी लिहिला.