विश्वामित्रीच्या पाण्याचा माग

पावागढ. गुजरातमधला डोंगर, उंची सुमारे ८०० मीटर. याच्या उतारांवर पडलेला पाऊस ओढ्याओढ्यांनी खाली येतो, त्याची विश्वामित्री नदी होते आणि वडोदऱ्यातून वळणं घेत ती खंभातच्या आखाताकडे निघते. वाटेत आजवा. शहराला पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९०च्या सुमारास बांधलेला तलाव. हे त्याचे ६२ दरवाजे.

जेवढ्या जमिनीवरचा पाऊस या नदीत उतरतो, ते तिचं पाणलोट क्षेत्र. पर्यावरणशास्त्राच्या या संशोधक, विद्यार्थ्यांच्या ताई, त्याचाच नकाशा करताहेत.

पडद्यावर दिसतंय ते सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र. यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब, १० मीटर रुंद तुकडा. पाणी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतं, म्हणून तलाव काळा उमटतो. ऐन पावसाळ्यात मात्र वर ढग. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार उपयोगी पडतं, त्याला ढग आडवे येत नाहीत. संथ पाण्यावर आदळलेली रडारची लहर दुसरीकडेच निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही. तेवढी जागा चित्रात काळी.

असे लाखो ठिपके निवडायचं काम एआयचं. पण त्याला आधी शिकवावं लागतं. ताई माउसने कडा आखताहेत: हे तळं, हे शेत, ही वस्ती. आता हा कोपरा पाहा. तळ्यावर जलपर्णी माजलीय आणि एआयने त्याला शेत ठरवलंय. पलीकडे उंच इमारतीची सावली पडलीय, तिला तळं. ताई दोन्ही खुणा पुसतात, नव्याने आखतात, पुन्हा शिकवतात. यात घाई चालत नाही.

आणि ही कोतरं. नदीच्या दोन्ही काठांना फुटलेल्या खोल घळी. मगरी इथेच उन्हाला येतात. या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं काही असेल, तर या घळींची नोंद. पूर चढला की पाणी कोतरांत शिरतं, तिथे थांबतं, मग सावकाश नदीत उतरतं. कोतरात भराव पडला, कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला बुजला, की त्या पाण्याला थांबायला जागा उरत नाही. १९८०च्या दशकातलं लँडसॅट उपग्रहाचं चित्र आणि आजचं शेजारी ठेवलं, की वस्ती काठाकडे किती सरकली ते दिसतं.

नकाशा पडताळायला ताई वडोदऱ्यातल्या कारेलीबागेत आल्यात.

“काकू, २०१९ ला पाणी कुठवर चढलं होतं?”

“या कडीपर्यंत. आणि २०२४च्या पुरात, हे बघ, इथवर.”

भिंतीवरची रेघ टेपने मोजली जाते, मोबाइलमध्ये जागेची नोंद होते.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्या वर गेली, अनेक वस्त्या पाण्याखाली होत्या.

पुढचा टप्पा ढाढर नदीचा. पिंगळवाड्याजवळ विश्वामित्री तिला मिळते. ढाढर तुडुंब असली की विश्वामित्रीचं पाणी निचरायला वेळ लागतो, म्हणून नकाशात आता तिचंही पाणलोट क्षेत्र येणार आहे.